पाण्यावरचे यंत्र आणि यंत्रातले पाणी

नंदुरबारहून शहाद्याकडे जाताना वाटेत तापी आडवी येते. तिच्या काठी, गोमाई जेथे तापीला मिळते त्या संगमावर, प्रकाशा हे गाव वसले आहे. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर अशी देवालये आणि नदीत उतरणारे घाट यांमुळे खानदेशी माणूस या गावाला दक्षिण काशी म्हणतो. काशीला जाणे ज्यांना जमत नाही, त्यांना प्रकाशाची तापी पावते, ही जुनी श्रद्धा. पण या गावाचे वय देवळांवरून मोजू नये. 1955 साली पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी येथील पांढरीच्या टेकाडात उत्खनन केले, तेव्हा थरावर थर लागत गेले. सर्वांत खालचा थर ताम्रपाषाणयुगाचा, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला निघाला. लोखंड यायच्या आधीपासून माणूस येथे रंगीत मडकी घडवीत होता आणि याच संगमाचे पाणी त्यांत भरीत होता.

जेथे माणूस इतकी शतके नदीकाठी राहतो, तेथे पैलतीरी जाण्याचा प्रश्नही तितकाच जुना असतो. तापी ही तशी नौकानयनाला सोयीची नदी नव्हे. मुलताईच्या डोंगरातून निघून सुमारे सव्वासातशे किलोमीटर पश्चिमेकडे धावत ती सुरतेजवळ समुद्राला मिळते. तोंडाशी तिने सुरतेसारखे बंदर पोसले. पण खानदेशातून जाताना तिचे पात्र खोल, काठ उंच मातीचे, तळ खडकाळ, आणि पाणी उन्हाळ्यात घोट्याएवढे तर पावसाळ्यात हत्ती बुडेल एवढे. त्यामुळे या भागात नावेचे काम मुख्यतः एकच : या तीरावरून त्या तीरावर. पूल होईपर्यंत बाजाराला निघालेला शेतकरी, माहेरवाशीण, वऱ्हाड, यात्रेकरू, बैल आणि कापसाचे गाठोडे हे सारे नावाड्याच्या बांबूवर भरवसा ठेवून पार होत.

या जुन्या नावेची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिचे आणि पाण्याचे वैर नव्हते. लाकडी नाव उन्हाळाभर काठावर उपडी पडली, तर फळ्या सुकून सांधे उघडतात. पाण्यात सोडली की दोन दिवस गळते, मग लाकूड फुगते आणि सांधे आपोआप मिटतात. सांध्यांत कापूस आणि राळ-तेल भरायचे ते पाण्याला अडविण्यासाठी हे खरे. पण शेवटी नाव घट्ट राहते ती पाण्यामुळेच. तळाशी थोडे पाणी साचले तर नावाडी करवंटीने ते उपसून टाकी. ओले होणे हा नावेचा धर्मच होता. पाणी लागले म्हणून बिघडणारी वस्तू नावेत मुळी नव्हतीच. ती कशी आली, त्याचीच ही कथा आहे.

नौकेवर यंत्र चढले ते वाफेचे. आपल्या मुंबईच्या गोदीत नवरोजी जमशेटजी वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 1830 च्या मार्चमध्ये मुंबईहून सुवेझला निघाली. वाटेत पुरावा म्हणून तिच्यावर इतका कोळसा लादला होता की निघताना ती अगदी खोल बसली होती. तरीही महिनाभरात ती सुवेझला पोहोचली आणि विलायतेची टपाल-वाट जवळ आली. पुढे कोकणच्या किनाऱ्यावर आगबोटी धावू लागल्या आणि चाकरमान्यांच्या चार-पाच पिढ्या त्यांच्या डेकवर आपल्या वळकट्या पसरून गेल्या.

वाफेचे यंत्र हे तर पाण्याचे जिवलगच. पाणी हेच त्याचे अन्न. ते सुरू करायला कोणी धक्का द्यावा लागत नाही. बाष्पपात्राखाली जाळ घालायचा, काही तास वाट पाहायची, आणि दाब पुरेसा झाला की झडप उघडायची. दांडे आपोआप हलू लागतात. त्यावर पाणी उडाले तर ते गंजेल, पण थांबणार नाही.

वैराला सुरुवात झाली ती तेलाच्या यंत्रापासून. या यंत्राचा एक जन्मजात दोष आहे : ते स्वतःहून कधीच सुरू होत नाही. आत हवा ओढली जावी, ती दाबली जावी, मग तेल पेटावे आणि त्या स्फोटाने चाक फिरावे, असा त्याचा क्रम. परंतु हवा ओढण्यासाठी आणि दाबण्यासाठी चाक आधीच फिरत असले पाहिजे! म्हणजे पहिले एक-दोन फेरे कोणीतरी बाहेरून द्यावेच लागतात.

जर्मनीत गॉटलीब डाइम्लरने 1886 साली आपले छोटे पेट्रोल-यंत्र एका होडीवर बसवून नेकार नदीत सोडले. पेट्रोलचे नाव ऐकताच लोक बिचकत; होडी फुटून आपण उडू असे त्यांना वाटे. म्हणून डाइम्लरने, अशी हकिकत सांगतात, होडीच्या कडेला तारा आणि चिनीमातीचे विजेचे लट्टू लावून टाकले. लोक समजले की होडी विजेवर चालते आहे. गंमत अशी की पुढे पाव शतकाने वीज खरोखरच या यंत्राच्या मदतीला आली, आणि होडीला जे दुखणे जडले ते त्या खऱ्या विजेचेच होते.

तोवर पहिले फेरे द्यायचे ते माणसाच्या हाताने. मोटारगाडीच्या नाकात घालावयाचे वाकडे हँडल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचा स्वभावही ठाऊक असेल. वेळ चुकली आणि यंत्र उलटे झटकले, तर हँडल मनगट मोडून जाई. अमेरिकेत अशाच एका झटक्याने मोटारधंद्यातला एक गृहस्थ जखमी होऊन पुढे दगावला आणि त्यामुळे कॅडिलॅक कंपनीच्या प्रमुखाने हँडलाला पर्याय शोधायचे मनावर घेतले, अशीही हकिकत सांगतात. पर्याय शोधला तो ओहायो प्रांतातील डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग याने.

केटरिंग त्याआधी दुकानांतील गल्ल्याचे यंत्र बनविणाऱ्या कारखान्यात होता. दुकानदाराने बटण दाबले की गल्ल्याचा खण उघडावा, यासाठी त्याने एक चिमुकली वीज-मोटर बसविली होती. तिची युक्ती अशी : मोटर दिवसभर चालायची असेल तर ती मोठी हवी, पण क्षणभरच चालायची असेल, तर लहानशा मोटरीकडूनही तिच्या कुवतीबाहेरचे काम करून घेता येते. तापायच्या आत ती थांबलेली असते. हीच युक्ती त्याने मोटारगाडीला लावली. 1912 सालच्या कॅडिलॅक गाड्या हँडलावाचून, कळ दाबताच सुरू होऊ लागल्या. मोटार चालविणे हे बळकट मनगटाच्या पुरुषांचेच काम आहे, हा समज त्या कळीने पुष्कळसा पुसून टाकला.

स्टार्टर तो हाच. सांगावयाचे म्हणजे, हा एक क्षणाचा पहिलवान आहे. बॅटरीतून शेकडो अँपिअरचा प्रवाह तो एका दमात ओढतो, आपले दातेरी चाक पुढे सारून यंत्राच्या मोठ्या चाकात गुंतवतो, त्याला गरकन फिरवतो आणि यंत्र पेटताच मागे सरतो. त्याच्या पोटात तांब्याच्या पट्ट्यांचे एक गोल असते आणि त्यावर कोळशाचे ब्रश घासत राहतात. सारा प्रवाह त्या घासणाऱ्या जागेतून जातो. तेथे गंजाचा एक पातळ पापुद्रा आला, की पहिलवानाचे हातपाय गळाले म्हणून समजावे.

आता आपल्या घरच्या इतिहासाकडे वळू. बेळगावात 1888 साली सायकलचे दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे लोखंडी नांगराकडे वळले, 1910 साली किर्लोस्करवाडी वसली, आणि 1946 साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत डिझेल इंजिन महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचले ते विहिरीच्या काठी. तापीच्या उंच काठावरही ते बसले आणि खालचे पाणी वर उसात नि केळीत चढवू लागले. ही इंजिने हँडलाने सुरू होत. एका हाताने दाब सैल करणारी दांडी धरायची, दुसऱ्या हाताने हँडल जोरात फिरवायचे, आणि चाकाने वेग घेतला की दांडी सोडायची. धडधड सुरू! पावसात भिजले, चिखलाने माखले, तरी पुसून हँडल मारले की इंजिन बोलू लागे. कारण त्यात वीज नव्हती.

याच काळात, पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून, किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांच्या होड्यांवर सरकारी साहाय्याने आणि सहकारी संस्थांच्या मार्फत इंजिने चढू लागली. सातपाटी, वर्सोवा आणि इतर कोळीवाड्यांतल्या तांडेलांनी शिडाचे वारे ओळखणारी नजर आता इंजिनाच्या आवाजाकडे लावली. लहान इंजिनाला हँडल पुरे होते. पण इंजिने मोठी झाली, सिलिंडर वाढले, तशी ती हाताला आवरेनात. डिझेल इंजिनात पेटविण्यासाठी ठिणगी नसते. हवाच सोळा-अठरा पट दाबून इतकी तापवावी लागते की तेल आपोआप पेटावे. एवढा दाब कोणत्या मनगटाने द्यावा? म्हणून बॅटरी आली आणि तिच्या पाठोपाठ स्टार्टर आला. ज्या होडीत पाण्याचे भय बाळगणारे काहीच नव्हते, तिच्या पोटात पाण्याचा जन्मवैरी येऊन बसला.

आणि बसला कोठे? नेमका तळाशी! मोठ्या चाकाचे दाते जेथे असतात, त्याच्या बाजूला आणि बहुधा खालच्या अंगाला स्टार्टरची जागा. होडीत पाणी साचते तेही तळाशीच. मागच्या पंख्याच्या दांड्याच्या भोकातून ते थेंबथेंब येते, पावसात झाकणाच्या फटीतून येते, लाटेबरोबर काठावरून येते. तळाचे पाणी थोडे वाढले की फिरते चाक त्यात बुडते आणि कारंजासारखे सगळीकडे उडवते. वरून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची नळी किंवा पंप गळत असेल, तर ती धार पुष्कळदा बरोबर स्टार्टरच्या डोक्यावर पडते. आणि हे काहीच नसले, तरी रात्री तापलेले इंजिन निवताना हवेतली वाफ थंड लोखंडावर घामासारखी जमते. बाहेरून टणक दिसणारा स्टार्टर असा आतल्या आत ओला होतो.

खारे पाणी आणि गोडे पाणी यांच्या शत्रुत्वात मात्र फरक आहे. खारे पाणी वीज चांगली वाहून नेते. बॅटरीची जिवंत तार जोडलेली असताना स्टार्टर खाऱ्या पाण्यात राहिला, तर गंज वर्षांनी नव्हे तर तासांनी मोजावा लागतो. तांब्याचे तुकडे हिरवे होऊन विरघळून जातात. त्यामुळे किनाऱ्यावरचा तांडेल सावध असतो. नदीवरचा माणूस मात्र गाफील राहतो. गोड्या पाण्याने काय होते, असे त्याला वाटते. पण तापीचे पावसाळी पाणी म्हणजे खानदेशातली काळी माती विरघळवून आणलेला काढाच. ओल सुकते, गाळ राहतो. पाणी निथळण्यासाठी ठेवलेले स्टार्टरच्या पोटाचे भोक तो बुजवतो, ब्रशांच्या खाचांत बसून त्यांना आखडवतो, आणि दातेरी चाक ज्या दांड्यावरून पुढे सरकते तेथे लेपासारखा वाळतो. मग कळ दाबली की फक्त ‘टक्’ असा आवाज येतो. हा ‘टक्’ ज्याने प्रवाहाच्या मध्यावर ऐकला आहे, त्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

याला उपाय काय? उपाय साधे आहेत, आणि त्यांतले बरेचसे आपल्या घरच्या शहाणपणाचेच आहेत. छप्पर गळत असेल तर धान्याची कणगी झाकण्याआधी कौल फिरवावे, हे कोणतीही गृहिणी सांगेल. म्हणून पहिला उपाय म्हणजे पाणी येण्याची वाट बंद करणे : नळ्या पाहणे, पंख्याच्या दांड्याची गळती आवरणे, तळचे पाणी उपसणारा पंप चालू स्थितीत ठेवणे. दुसरा, स्टार्टरवर पत्र्याची किंवा रबराची पन्हळ बसवून वरची धार बाजूला वळविणे. तिसरा, नौकेसाठीच बनविलेला, सांध्यांना रबरी कडी असलेला स्टार्टर वापरणे. तो महाग पडतो, पण वाऱ्यावर सोडलेल्या नावेइतका महाग पडत नाही.

पुष्कळांना वाटते, की स्टार्टर प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळला की काम झाले. हा उपाय नव्हे, अपाय आहे. आतला घाम आतच कोंडतो आणि ऊन लागले की लोखंड त्याच वाफेत शिजते. वरून झाकावे, पण खालून मोकळे ठेवावे. निथळण्याचे भोक असेल तर ते खालच्या बाजूला आणि उघडे असावे. तारांच्या टोकांना ग्रीस चोपडावे. परंतु दातेरी चाकाच्या दांड्यावर ग्रीसचा थर देऊ नये, त्याला गाळ चिकटतो. तेथे हलके तेल थोडेसे पुरे. काम संपले की बॅटरीची मुख्य कळ बंद करावी, म्हणजे ओलीत वीज झिरपत राहणार नाही. आणि आठवड्यातून एकदा तरी इंजिन सुरू करावे. न वापरलेले जाते, विहीर आणि स्टार्टर ही तिन्ही लवकर बिघडतात.

आणखी एक धोका असा की त्यात स्टार्टरच इंजिनाचा घात करतो. नदीचे पाणी ओढून थंड होणाऱ्या आणि ते पाणी धुराबरोबर बाहेर टाकणाऱ्या इंजिनात, इंजिन पेटत नसताना कळ दाबून धरली, तर पंप पाणी ओढतच राहतो. धुराचा जोर नसल्याने ते बाहेर पडत नाही, नळीत साठते आणि मागे सरून सिलिंडरमध्ये शिरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही; दांडा वाकतो आणि इंजिन कायमचे बसते. म्हणून एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त कळ दाबू नये, मध्ये मिनिट-दोन मिनिटे विसावा द्यावा, आणि दोन-तीन प्रयत्न फसले तर नदीचे पाणी आत घेणारी झडप बंद करून दोष शोधावा. इंजिन सुरू होताच ती झडप उघडण्यास मात्र विसरू नये. केटरिंगचा क्षणाचा पहिलवान क्षणभरच राबवावा.

होडी बुडून वर काढली असेल, तर आधी बॅटरीची तार सोडवावी. पाणी खारे असेल तर स्टार्टर काढून गोड्या पाण्याने स्वच्छ धुवावा, गाळ असेल तर तोही धुवावा, मग उघडून सौम्य उष्णतेने पूर्ण वाळवावा आणि तांब्याचे गोल पुसून पुन्हा जोडावा. घाईने कळ दाबून ‘बघू तर चालतो का’ असे म्हणणाऱ्याचा स्टार्टरही जातो आणि इंजिनही.

एवढा विचार एका लहानशा मोटरीचा कशाला, असे दिवाळीच्या फराळाला बसलेल्या वाचकाला वाटेल. पण नंदुरबारच्या नकाशाकडे जरा पाहावे. हा जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याच्या पोटातून तापी जाते आणि उत्तरेच्या डोंगरकड्याखालून नर्मदा जाते. तापीवर खाली गुजरातेत 1972 साली उकाईचे धरण पुरे झाले; पुढे या शतकात प्रकाशा आणि सारंगखेडा येथे बॅरेज उभे राहिले. पूर्वी जेथे उन्हाळ्यात वाळवंट पडे, तेथे आता अडविलेले पाणी दिसते. आणि पावसाळ्यात दरवाजे उघडले की काठच्या गावांना सावधानतेचा इशारा मिळतो. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा मोठा भाग बुडाला. तापी काय करू शकते हे तेव्हा साऱ्या देशाने पाहिले.

नर्मदेकाठची स्थिती याहून बिकट. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील 33 गावांना वेढले. मणिबेलीपासून वरच्या पाड्यांपर्यंत जुन्या पाऊलवाटा पाण्याखाली गेल्या. 2019 च्या सप्टेंबरात ते सरोवर प्रथमच काठोकाठ भरले. डोंगराच्या टोकावर उरलेल्या पाड्यांना दवाखाना गाठायचा तर बऱ्याच ठिकाणी पाण्याचीच वाट उरली. म्हणून या पाण्यावर तरंगते दवाखाने आणि बोट-ॲम्ब्युलन्स सुरू करण्यात आल्या. 2020 साली येथील एक अंगणवाडीसेविका, बाळंतिणी आणि लहान मुले यांच्यापर्यंत आहार पोहोचविण्यासाठी, स्वतः वल्हे मारीत कित्येक किलोमीटर जाई, ही हकिकत देशभर गाजली. तिच्या हाताचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण अडलेल्या बाळंतिणीला मध्यरात्री नेताना वल्हे पुरत नाही, यंत्रच लागते. आणि यंत्राच्या दाराशी बसलेला तो ‘टक्’ करणारा पहिलवान ऐन वेळी उठला नाही, तर सारी सोय काठावरच राहते.

म्हणूनच जुन्या जाणत्यांची एक गोष्ट आजही टाकून देऊ नये. इंजिन हाताने सुरू होण्याजोगे असेल, तर त्याचे हँडल होडीतून काढू नये. लहान बाहेरी इंजिनाला दोरी ओढून सुरू करण्याची सोय असते. ती दोरी कुजली नाही ना, हे दर पावसाळ्यापूर्वी पाहावे. आणि कितीही शक्तिमान यंत्र असो, एक वल्ह्याची जोडी आणि एक लांब बांबू होडीत असलाच पाहिजे. नव्या सोयीने जुनी सोय घराबाहेर काढली, की माणूस त्या एकाच सोयीचा बांधील होतो. वीज आली म्हणून आपण देवघरातली समई मोडीत काढली नाही. दिवे गेले की तिच्याच उजेडात आपण फ्यूजची तार शोधतो.

प्रकाशाच्या टेकाडातल्या सर्वांत खालच्या थरातल्या माणसाला स्टार्टर ठाऊक नव्हता, पण नदी ठाऊक होती. ती देते आणि नेते, हे त्याला कळत होते. आपल्या हाती आज यंत्र आले आहे. नदी मात्र तीच आहे. पाणी अदृश्य फटीतून येते, सावकाश येते आणि ज्या दिवशी कळ दाबावी लागते त्याच दिवशी आपला हिशेब मागते. पावसाळा सरला आहे, नद्या निवळल्या आहेत, होड्या काठाला लागल्या आहेत. दिवाळीत आपण घरातली अवजारे पुसून त्यांना हळदकुंकू वाहतो. ज्यांच्या दारी होडी आहे, त्यांनी यंदा इंजिनाचे झाकण काढून तळाशी बसलेल्या त्या लहानग्यालाही एकदा कोरड्या फडक्याने पुसावे. हळदकुंकू त्यानंतर वाहिले तरी चालेल.